रुग्णालयाच्या नोंदवहीबाहेर राहिलेली मुले

या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे, हजेरीपत्रके आणि पत्रव्यवहार गोळा करीत असताना वसतिगृहाच्या कपाटातून पुठ्ठ्याच्या बांधणीची एक लांबट वही आम्हां काही माजी विद्यार्थ्यांच्या हाती आली. मुखपृष्ठावर 'औषधोपचार' एवढाच शब्द होता. आत तारीख, विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता आणि पुढे एका ओळीत मजकूर. 'न्हाणीघराच्या पायरीवरून घसरला, गुडघा फुटला, टिंक्चर लावले.' 'विळीने बोट कापले, पट्टी बांधली.' 'भाकरी भाजताना मनगट पोळले.' 'कबड्डीत खांदा दुखावला, शेक दिला.' 'विंचू चावला, जीपने पिंपळगावला नेले.' पाने उलटताना आम्हांला आमचे बालपण आठवले, हसूही आले. मग एक गोष्ट ध्यानी आली आणि ते हसू ओसरले. दवाखान्यात नेल्याचा उल्लेख असलेल्या ओळी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. बाकीच्या जखमांची नोंद या वहीपलीकडे कोठेही झालेली नव्हती.

आज कोणी विचारले, की निफाड तालुक्यात वर्षभरात किती मुलामुलींना इजा होते, तर उत्तरासाठी आपण रुग्णालयाच्या आकड्यांकडे पाहतो. धोरणे त्या आकड्यांवर ठरतात, निधी त्यांवर मागितला जातो, वृत्तपत्रे तेच छापतात. आमचे मत असे आहे, की हे आकडे खोटे नसतात, परंतु ते ज्या प्रश्नाचे उत्तर देतात तो प्रश्न वेगळा आहे. किती जणांना इजा झाली, हे ते सांगत नाहीत. इजा झालेल्यांपैकी किती जण रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचले आणि तेथे लिहिले गेले, हे ते सांगतात. या दोहोंतील अंतर सर्वांसाठी सारखे असते तर चिंता नव्हती. ते सर्वांत मोठे असते ते खेड्यातल्या, शेतमजुरांच्या, वाडीवस्तीवरच्या मुलांच्या बाबतीत. म्हणजे जी मुले आपल्या शाळेत शिकली आणि शिकत आहेत, त्यांच्याच बाबतीत.

रुग्णालयात येणाऱ्या जखमींची पद्धतशीर नोंद ठेवून त्यातून अपघातांची कारणे शोधण्याच्या कामास 'इजा सर्वेक्षण' म्हणतात. रुग्णाचे वय काय, इजा कोठे झाली, त्या वेळी तो काय करीत होता, कशामुळे झाली, हेतुपुरस्सर झाली की अनवधानाने, असे मोजके प्रश्न प्रत्येकास विचारावयाचे आणि त्यांची उत्तरे एकत्र करावयाची. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये यासाठी मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केली. आपल्या देशात बंगळुरूच्या 'निम्हान्स' या संस्थेने शहरातील अनेक रुग्णालये आणि पोलीस यांना जोडून रस्ते अपघातांच्या नोंदीचे मोलाचे काम केले. या पद्धतीचे गुण आम्ही नाकारीत नाही. मोडलेले हाड मोडलेलेच असते, तेथे डॉक्टरांचा शब्द प्रमाण असतो, आणि गंभीर जखमांचा वर्षानुवर्षांचा कल पाहावयाचा तर रुग्णालयासारखी दुसरी जागा नाही.

तथापि ज्या देशांनी हे काम मनापासून केले, त्यांनीच त्याच्या मर्यादाही उघडपणे मांडल्या. कॅनडाने १९९० मध्ये मुलांच्या दहा रुग्णालयांतून असे राष्ट्रीय सर्वेक्षण सुरू केले आणि पुढे काही सर्वसाधारण रुग्णालये त्यास जोडली. या माहितीच्या आधारे निघणाऱ्या अहवालांत एक इशारा पुन्हा पुन्हा दिलेला आढळतो. वयाने मोठी किशोरवयीन मुले सर्वसाधारण रुग्णालयांत जातात, म्हणून ती यात कमी दिसतात. दूरच्या ग्रामीण भागांतील लोक आणि मूलनिवासी समाज कमी दिसतात. जागीच मृत्यू पावलेली मुले तर जवळजवळ दिसतच नाहीत. जेथे उपचारासाठी खिशातून पैसे मोजावे लागत नाहीत आणि नोंदणीची शिस्त उत्तम आहे, अशा संपन्न देशात जर खेड्यातला आणि उपेक्षित समाजातला तरुण नोंदवहीबाहेर राहत असेल, तर ओझर, दिंडोरी, सुरगाणा, पेठ येथील तरुणाचे काय होत असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

आपल्याकडे कोण कोण बाहेर राहते, ते आता क्रमाने पाहू.

पहिला गट आहे रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच जीव गमावणाऱ्यांचा. विहिरीत, शेततळ्यात किंवा कालव्यात बुडालेले मूल रुग्णालयाच्या 'जखमी' यादीत सहसा येत नाही. ते वाचते तरी, नाहीतर थेट शवविच्छेदनासाठी जाते. आपल्या भागात द्राक्षबागांसाठी प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी गेल्या काही वर्षांत सर्वत्र झाली आहेत. त्या गुळगुळीत उतारावरून आत घसरलेल्या मुलास वर चढता येत नाही, हे गावातील प्रत्येकास ठाऊक आहे, मात्र रुग्णालयाच्या तक्त्याला ते ठाऊक नाही. रस्त्यावरील मृत्यूंचेही तसेच. घरोघरी जाऊन मृत्यूंची कारणे विचारणाऱ्या देशव्यापी अभ्यासानुसार २००५ मध्ये भारतात रस्ते अपघातांत सुमारे १,८३,६०० माणसे दगावली. हा आकडा पोलिसांच्या आकड्याच्या दीडपटीहून अधिक होता, आणि यांतील बहुसंख्य मृत्यू अपघातस्थळी किंवा काही मिनिटांतच झाले होते. आपले गाव मुंबई–आग्रा महामार्गावर वसलेले आहे. आपल्यापैकी क्वचितच कोणी असेल, की ज्याने या रस्त्यावर ओळखीचे तरुण माणूस गमावले नाही.

मोठा अपघात झाला म्हणजे त्याची चर्चा होते. जानेवारी २०२५ मध्ये निफाड तालुक्यातील कार्यक्रम आटोपून नाशिकला परतणाऱ्यांचा टेम्पो द्वारका परिसरातील उड्डाणपुलावर लोखंडी सळ्या नेणाऱ्या वाहनावर आदळला आणि त्यात अनेक तरुण दगावले. सारा जिल्हा हळहळला. सळ्या वाहनाबाहेर काढून नेण्याच्या प्रथेविरुद्ध तेव्हा बोलले गेले. परंतु अशाच सळीने, ऊसाच्या ट्रॉलीने, बिनदिव्याच्या ट्रॅक्टरने एकेकटा जखमी होणारा तरुण ना वृत्तपत्रात येतो, ना कोणत्या तक्त्यात. एकेक करून झालेल्या शंभर घटनांना जोडणारा धागा कोणाच्याच हाती नसतो.

दुसरा गट आहे दुसरीकडे जाणाऱ्यांचा. मुरगळलेला पाय, निखळलेला खांदा, मोडलेले मनगट घेऊन आजही आपली माणसे आधी हाड बसविणाऱ्या जाणकाराकडे जातात. साप चावल्यावर देवळात किंवा मांत्रिकाकडे नेण्याची रीत पूर्ण गेलेली नाही. ज्यांना परवडते ते खासगी दवाखान्यात जातात, आणि तेथील नोंद शासनाच्या तक्त्यात येतेच असे नाही. ज्यांना परवडत नाही ते हळद लावून घरी बसतात. याखेरीज 'पोलीस केस होईल' ही भीती आहेच. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्तास मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक ठरविले, २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातही तशी तरतूद झाली. तरीही परवाना नसलेल्या सोळा वर्षांच्या मुलाने चुलत्याची मोटारसायकल पाडली, तर घरचे लोक त्याला सरकारी रुग्णालय टाळूनच नेतात. कायदा बदलला, पण मनातली धास्ती तेवढ्या वेगाने जात नाही.

तिसरा गट रुग्णालयात पोहोचतो, पण त्याची कहाणी पोहोचत नाही. केसपेपरवर लिहिले जाते 'उजव्या हाताचे हाड मोडले'. कसे मोडले, कोठे मोडले, हे लिहिलेले नसते. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात इजेच्या बाह्य कारणांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, परंतु गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एकटा डॉक्टर दिवसभरात असंख्य रुग्ण तपासत असताना तो रकाना भरला जाणे अवघड असते. परिणाम असा, की हाड मोडल्याचा हिशेब लागतो, मात्र ते शाळेच्या कठडा नसलेल्या गच्चीवरून पडून मोडले, आंब्यावरून पडून मोडले की मळणी यंत्रात सापडून, हे कळत नाही. उपचारासाठी पहिली माहिती पुरते. पुढचे मूल वाचवावयाचे तर दुसरीच माहिती हवी.

चौथा गट सर्वांत अबोल आहे. त्याची इजा लिहिली जाते, पण खरे कारण लपवून. २००१ मधील आगीमुळे झालेल्या मृत्यूंचा एक अभ्यास २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार त्या एका वर्षात भारतात सुमारे १,६३,००० माणसे भाजून मरण पावली. पोलिसांकडील आकड्याच्या ते सहापट होते. त्यांत सुमारे १,०६,००० स्त्रिया होत्या, आणि बहुतेक १५ ते ३४ या वयातील. 'स्टोव्ह भडकला' या दोन शब्दांमागे काय काय झाकले गेले असेल, हे आपल्या वस्त्यांतील वडीलधाऱ्या बायका जाणतात. परीक्षेच्या किंवा घरच्या ताणाने स्वतःस इजा करून घेणाऱ्या मुलांचीही नोंद अनेकदा 'चुकून औषध पोटात गेले' अशी होते. आईबापांची त्यामागील लज्जा आम्ही समजू शकतो. पण खरे कारण लपले म्हणजे त्या मुलाशी कोणी बोलावयाचे, हेही ठरत नाही, आणि तशाच वाटेवर असलेले दुसरे मूल एकटे राहते.

या चारही गटांचे एकत्रित उदाहरण म्हणजे सर्पदंश. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी सुमारे ५८,००० मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. मृतांपैकी पाव भागाहून अधिक पंधरा वर्षांखालील मुले होती. त्याच अभ्यासाने आणखी एक तुलना केली. २००३ ते २०१५ या वर्षांत सरकारी रुग्णालयांतील सर्पदंशाचे मृत्यू म्हणून शासनाने सांगितलेला आकडा होता सुमारे १५,५००. अभ्यासकांच्या हिशेबाने याच काळात सरकारी आणि खासगी रुग्णालयांत मिळून सुमारे १,५४,००० मृत्यू झाले होते. म्हणजे रुग्णालयात घडलेल्या मृत्यूंपैकीही दहांतील एकच शासनाच्या आकड्यात आला. घरी आणि वाटेत गेलेले वेगळेच. हे अंतर उघड झाल्यावर काही बदलही झाले. मार्च २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद बंधनकारक करावी असे राज्यांना कळविले. मोजणीची चूक दाखवून देणे म्हणजे निव्वळ विद्वानांचा वाद नव्हे, हे यावरून दिसते.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. कुत्रा चावल्याच्या घटना सरकारी दवाखान्यात त्यामानाने बऱ्या मोजल्या जातात. याचे कारण असे, की त्यावरील लस तेथे विनामूल्य मिळते आणि ती दिल्याची नोंद ठेवावीच लागते. जेथे औषध मिळते तेथे माणूस जातो, आणि जेथे माणूस जातो तेथे नोंद होते. म्हणून एखाद्या वर्षी कुत्रा चावल्याचे आकडे बुडण्याच्या आकड्यांपेक्षा कितीतरी मोठे दिसले, तर तेवढ्यावरून आपल्या मुलांना कोणापासून अधिक धोका आहे, हे ठरवू नये.

आकडा वाढला म्हणजे संकट वाढले, असेही समजू नये. २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. पूर्वी जो जखमी बैलगाडीत किंवा जीपमध्ये घालून जवळच्या खासगी दवाखान्यात नेला जाई, तो आता सरकारी रुग्णालयात पोहोचू लागला. अशा वेळी रुग्णालयातील जखमींची संख्या वाढते, ती अपघात वाढल्यामुळे की रस्ता सोपा झाल्यामुळे, हे रुग्णालयाचा आकडा एकट्याने सांगू शकत नाही. उलट एखाद्या ग्रामीण रुग्णालयातील शल्यचिकित्सकाची जागा रिक्त राहिली, की तेथील जखमींचा आकडा घसरतो, आणि कागदावर तो तालुका सुरक्षित दिसू लागतो.

दुसऱ्यांच्या नोंदींबद्दल एवढे लिहिल्यावर स्वतःकडे पाहणे भाग आहे. आमच्या वर्गातील एक मुलगा दिवाळीच्या सुट्टीत घरी गेला. सोयाबीनची मळणी चालू होती, घरात माणसे कमी होती, यंत्रात पेंढ्या लोटताना त्याचा उजवा हात आत गेला. एका खासगी दवाखान्यात त्याच्यावर उपचार झाले. यंत्र भाड्याचे होते, मालक गावातलाच होता, म्हणून कागदावर 'पडल्यामुळे' असे लिहिले गेले. सुट्टी संपली, तो परतला नाही. काही महिन्यांनी शाळेच्या पटावरून त्याचे नाव कमी झाले आणि कारणाच्या रकान्यात 'सतत गैरहजर' एवढेच आले. शिक्षकांनी निरोप पाठविले नव्हते असे नाही. पण त्याची इजा दवाखान्याच्या कागदावर पडणे ठरली, शाळेच्या कागदावर गैरहजेरी ठरली, आणि मळणी यंत्राने आपल्या एका विद्यार्थ्याचे शिक्षण हिरावले, ही गोष्ट कोठेच लिहिली गेली नाही. आम्हीही ती लिहिली नाही. आम्ही तेव्हा लहान होतो, हे कारण आम्हांला आता पुरेसे वाटत नाही. पुढच्या दिवाळीस सुट्टीपूर्वी मुलांना मळणी यंत्राविषयी कोणी चार शब्द सांगितले नाहीत, कारण सांगण्याजोगे काही घडले आहे असे कागदावर दिसतच नव्हते.

आपल्या वाचकांना मालुंक्यपुत्ताची कथा ठाऊक आहे. विषारी बाण लागलेला माणूस जर म्हणू लागला, की बाण मारणारा कोण, उंच की ठेंगणा, धनुष्य कोणत्या लाकडाचे, हे कळल्याखेरीज मी बाण काढू देणार नाही, तर तो उत्तरे मिळण्यापूर्वीच मरेल, असे तथागतांनी त्याला समजाविले. त्या उपदेशाचा रोख निष्फळ तात्त्विक प्रश्नांकडे होता, आणि रुग्णालयापुरता तो आजही तंतोतंत खरा आहे. आधी बाण काढावा. परंतु बाण निघाल्यावर, जखमेवर पट्टी बांधल्यावर, तो कोठून आला हे विचारावयाचेच नाही, असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. ज्या धम्मात दुःख ओळखल्यावर लगेच दुःखाच्या कारणाचा शोध सांगितला आहे, त्या धम्माच्या अनुयायांना हे वेगळे सांगावयास नको. त्याच वाटेने दुसरा माणूस येत असेल, तर बाण कोणत्या झुडपामागून सुटतो, हे कळणे त्याच्यासाठी जीवनमरणाचे आहे.

यावर काही आक्षेप येतील, ते आम्ही ऐकले आहेत. आरोग्य कर्मचाऱ्यांवर आधीच कागदांचा भार आहे, त्यांत आणखी रकाने कशाला? हा आक्षेप रास्त आहे. म्हणून आमची रुग्णालयांकडून अपेक्षा अगदी थोडी आहे. जखमी व्यक्तीच्या केसपेपरवर कोठे, काय करताना, कशामुळे आणि कोणत्या गावची, एवढ्या चारच गोष्टी लिहाव्यात. दुसरा आक्षेप असा, की किरकोळ खरचटण्याची गणना करून काय साधणार? खरचटणे मोजण्यात आम्हांलाही रस नाही. पण एकाच पायरीवर महिन्यात पाच मुले घसरली, तर सहावे मूल डोक्यावर पडेपर्यंत वाट का पाहावी? मोठ्या इजेची पूर्वसूचना लहान इजा देतात, आणि त्या लहान इजा रुग्णालयात कधीच दिसत नाहीत. पतंगाचा नायलॉन मांजा घ्या. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली, तरी संक्रांतीच्या सुमारास नाशिक, येवला भागात गळे चिरल्याच्या बातम्या येतात. गळा चिरलेला माणूस रुग्णालयात जातो. त्याआधीच्या आठवड्यात त्याच मांजाने ज्या मुलांची बोटे कापली, ती घरी पट्टी बांधून गप्प बसलेली असतात. त्यांना कोणी विचारले असते, तर मांजा गावात कोठून आला, हे आठवडाभर आधी कळले असते.

घरोघरी जाऊन विचारल्याने काय घडते, याचे उत्तम उदाहरण शेजारच्या बांगलादेशाने घालून दिले आहे. तेथे २००३ मध्ये १,७०,००० हून अधिक घरांत जाऊन आरोग्य आणि इजांची पाहणी झाली. रुग्णालयांच्या कागदांत जे फारसे दिसत नव्हते ते या पाहणीत ठळकपणे समोर आले. लहान मुलांचा एक फार मोठा शत्रू घराजवळचे तळे होते. मग तेथे गावागावांत सकाळच्या वेळी, आई कामात असताना, लहान मुलांना सांभाळणारी केंद्रे निघाली. थोड्या मोठ्या मुलांना पोहण्याचे आणि बुडणाऱ्यास वाचविण्याचे शिक्षण मिळू लागले. हे साधले ते एका साध्या प्रश्नाने, आणि तो प्रश्न रुग्णालयाच्या दारात न विचारता घराच्या दारात विचारल्याने.

आपण काय करू शकतो? निवासी शाळेकडे एक गोष्ट आहे जी मोठमोठ्या संस्थांकडे नसते. मुले रात्रंदिवस आपल्या डोळ्यांसमोर असतात, आणि किती मुले आहेत हे आपल्याला नेमके ठाऊक असते. म्हणून ती 'औषधोपचार' वही पुन्हा सुरू करावी, मात्र थोडी सुधारून. तारीख, वय, मुलगा की मुलगी, जागा, काय करताना, कशामुळे, आणि पुढे कोठे नेले, एवढे रकाने पुरेत. सार्वजनिक वाचनासाठी नावे गाळावीत, म्हणजे कोणाची बदनामी होणार नाही आणि कोणी खोटे सांगणार नाही. दिवाळी आणि उन्हाळी सुट्टीनंतर परतलेल्या प्रत्येक मुलास एकांतात, प्रेमाने विचारावे, की सुट्टीत काही लागले, भाजले, चावले का. आणि जे मूल परतलेच नाही, त्याच्या घरी कोणीतरी प्रत्यक्ष जावे. 'सतत गैरहजर' हे शब्द लिहिण्यापूर्वी ती एक फेरी झालीच पाहिजे.

ही वही रुग्णालयाच्या नोंदीशी ताडून पाहिली, तर आणखी एक गोष्ट हाती लागते. समजा, वर्षभरात आपल्या वहीत दवाखान्यात नेण्याजोग्या तीस इजा लिहिल्या गेल्या. रुग्णालयाच्या यादीत आपल्या शाळेच्या मुलांच्या दहा इजा सापडल्या, आणि त्यांपैकी सहा आपल्या वहीतही आहेत. म्हणजे रुग्णालयाला ठाऊक असलेल्या दहांपैकी चार आपल्या वहीतून निसटल्या. आपली वहीसुद्धा दहांतील सहाच इजा पकडते. मग वहीतील तीस हा साठ टक्के भाग धरला, तर खऱ्या इजा पन्नासच्या घरात असाव्यात, आणि रुग्णालयास त्यांतील पाचवा हिस्साच दिसला. संशोधक हीच रीत अधिक काटेकोरपणे वापरतात. दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील तेवढा अंदाज खरा, ही अट लक्षात ठेवावी. तरीही दहावीच्या मुलांना हे गणित सहज जमेल, आणि आपल्याच जीवनाशी संबंध असलेले गणित मुले विसरत नाहीत.

माजी विद्यार्थ्यांचेही काही कर्तव्य आहे. आपल्यापैकी कोणी परिचारिका आहेत, कोणी आशा स्वयंसेविका, कोणी एचएएलच्या कारखान्यात, कोणी ग्रामपंचायतीत, कोणी एसटीत. कारखान्यात काम केलेल्यांना ठाऊक आहे, की तेथे केवळ अपघातच नव्हे, तर थोडक्यात टळलेला अपघातही लिहून ठेवतात, कारण उद्याचा अपघात त्यातूनच ओळखता येतो. ही शिस्त आपल्या वस्तीत का येऊ नये? १९६९ च्या कायद्याने प्रत्येक मृत्यूची नोंद बंधनकारक आहे, पण घरी झालेल्या मृत्यूचे कारण पुष्कळदा मोघम राहते. ग्रामपंचायतीत बसणाऱ्या आपल्या माणसाने 'बुडून' एवढ्यावर न थांबता 'शेततळ्यात, कुंपण नव्हते' एवढे चार शब्द अधिक लिहवून घेतले, तर ग्रामसभेस तेवढा आधार पुरेसा आहे.

पालकांस आमची विनंती एवढीच, की मुलाची जखम सांगताना खरे सांगा. भाड्याच्या यंत्राच्या मालकाचा मान, शेजाऱ्याची मोटारसायकल, सासरची अब्रू या गोष्टी मोठ्या असतील, पण त्या मुलाच्या हातापेक्षा मोठ्या नाहीत. ज्या समाजाला शतकानुशतके कोणी मोजलेच नाही, त्याने आपल्या मुलांच्या जखमा तरी दुसऱ्याने मोजाव्यात म्हणून थांबू नये.

ती जुनी वही आम्ही शाळेकडे परत दिली आहे. तिची शेवटची काही पाने कोरी आहेत. आमची सूचना आहे, की नवी वही आणण्यापूर्वी त्या कोऱ्या पानांपैकी पहिल्या पानावर आमच्या त्या वर्गमित्राची इजा लिहावी. नाव न लिहिता, पण बाकी सारे रकाने भरून. जागा, शेत. काय करताना, सोयाबीनच्या पेंढ्या लोटताना. कशामुळे, मळणी यंत्र. पुढे काय झाले, शाळा सुटली. आणि येत्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वी, मुले घरी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, ते पान सर्वांना वाचून दाखवावे.